ब्रॅगचे नाव परत आले. पोचिरामचे नाव कुठे आहे?

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात लष्कराची एक भली मोठी छावणी आहे. १९१८ साली ती उभी राहिली तेव्हा तिला ब्रॅक्स्टन ब्रॅग या सेनापतीचे नाव दिले गेले. हा ब्रॅग कोण? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत जे यादवी युद्ध झाले त्यात गुलामी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेतल्या राज्यांच्या फौजेचा तो सेनापती. स्वतः गुलामांचा मालक. ज्या देशाविरुद्ध त्याने शस्त्र उचलले त्याच देशाच्या लष्कराने आपल्या छावणीला त्याचे नाव द्यावे आणि ज्यांच्या आज्यापणज्यांच्या पायात बेड्या होत्या त्या काळ्या सैनिकांनी त्या नावाच्या फाटकातून रोज आत-बाहेर करावे, हा प्रकार शंभर वर्षे बिनबोभाट चालला. अशा एक नव्हे, नऊ छावण्या होत्या.

२५ मे २०२० रोजी मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला आणि अमेरिका पेटली. त्या आगीच्या उजेडात ही नावे लोकांच्या डोळ्यांत खुपू लागली. तिथल्या संसदेने कायदा केला, अध्यक्ष ट्रम्प यांनी तो नाकारला, संसदेने जानेवारी २०२१ मध्ये त्यांचा नकार मोडून काढला. आठ जणांचा आयोग बसला. २०२३ साली नऊही छावण्यांची नावे बदलली. व्हर्जिनियातल्या फोर्ट लीला दोन काळ्या अधिकाऱ्यांचे, जनरल आर्थर ग्रेग आणि लेफ्टनंट कर्नल चॅरिटी ॲडम्स यांचे नाव मिळाले. ग्रेगसाहेब तेव्हा हयात होते. त्यांनी आपले नाव फाटकावर लागलेले पाहिले. २०२४ मध्ये ते गेले. एका अर्थाने बरेच झाले, कारण २०२५ साली ट्रम्प परत आले आणि सगळी जुनी नावे परत आली!

पण कायदा तर जागेवरच होता. गुलामीच्या बाजूने लढलेल्यांची नावे लष्कराच्या मालमत्तेला देता येणार नाहीत, असे तो म्हणतो. मग काय केले? ब्रॅग आडनावाचा दुसरा माणूस शोधला. रोलँड ब्रॅग, दुसऱ्या महायुद्धात शौर्यपदक मिळवलेला एक साधा सैनिक. छावणी पुन्हा फोर्ट ब्रॅग झाली, कागदावर मात्र ती या रोलँडची. फोर्ट लीसाठी फिट्झ ली नावाचा एक काळा सैनिक सापडला. म्हणजे एका काळ्या जनरलचे आणि एका काळ्या महिला अधिकाऱ्याचे नाव काढायचे, जुने 'ली' परत आणायचे, आणि कोणी आक्षेप घेतलाच तर एका काळ्या शिपायाकडे बोट दाखवायचे. वीस वर्षे वकिली करून आम्ही पळवाटा कमी पाहिल्या नाहीत, पण या पळवाटेला आम्ही मनोमन दाद दिली. कायद्याचे अक्षर शाबूत आणि जीव गेलेला.

वाचक म्हणतील, वकीलसाहेब, नांदेडच्या कोर्टाबाहेर टपरीवर चहा पिता पिता तुम्हाला अमेरिकेच्या छावण्या कशाला आठवल्या? आठवल्या याचे कारण असे की ही कथा वाचताना आम्हाला प्रत्येक पानावर मराठवाडा दिसत होता. पळवाटेसकट दिसत होता.

नाव बदलल्याने काय होते, पोट भरते का, हा प्रश्न आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. विचारणारा नेहमी भरल्या पोटाचा असतो, ही गोष्ट वेगळी. आमचे त्याला एवढेच उत्तर आहे की नावाने काहीच होत नसते तर २७ जुलै १९७८ नंतर मराठवाड्यात जे झाले ते का झाले? त्या दिवशी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव मंजूर केला. शरद पवार मुख्यमंत्री होऊन दहा दिवसही झाले नव्हते. मागणी १९७७ पासूनची होती आणि ती गैर मुळीच नव्हती. ज्या मराठवाड्यात निजामाच्या राज्यात शिक्षणाची वानवा होती तिथे बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केले. विद्यापीठ आले त्यानंतर आठ वर्षांनी, १९५८ मध्ये. मिलिंदमध्ये फक्त आमचीच मुले शिकली नाहीत, सगळ्या जातींची शिकली. उपकार विसरावेत किती, यालाही काही माप असते.

ठराव मुंबईत झाला आणि त्याच संध्याकाळपासून मराठवाड्यात जाळपोळ सुरू झाली. विद्यापीठ औरंगाबादेत, वस्त्या जळाल्या नांदेड, परभणीच्या खेड्यांत! ज्या माणसाने विद्यापीठाचे तोंड पाहिले नव्हते, ज्याच्या घरात चौथी शिकलेले कोणी नव्हते, त्याच्या कणगीतली ज्वारी जळाली. मोजदाद करणाऱ्यांनी झळ पोहोचलेल्या गावांचा आकडा बाराशेच्या घरात सांगितला आहे. टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना ४ ऑगस्ट १९७८ रोजी हालहाल करून मारले. जिवाच्या आकांतातही 'जय भीम' सोडून दुसरे काही म्हणायला ते तयार झाले नाहीत, असे आमचे शाहीर गावोगाव सांगत आले. पोचिराम मातंग समाजाचे होते. नामांतर हे एकाच जातीचे खूळ आहे असे जे म्हणतात त्यांनी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सुगावचे जनार्दन मेवाडे गेले. आजच्या लातूर जिल्ह्यातल्या जळकोट इथे फौजदार भुरेवार यांना जमावाने कर्तव्यावर असताना ठार केले. नामांतराच्या शहिदांच्या यादीत अब्दुल सत्तार आणि शब्बीर अली हीही नावे आहेत. ती आजच्या तरुणांनी मुद्दाम वाचावीत.

आमचा जन्म त्या ठरावानंतरचा. त्यामुळे आम्ही जे सांगतो ते ऐकलेले. आजीकडून ऐकलेले, आईकडून ऐकलेले, आणि त्या दोघींचे एकमेकींशी न जुळणारे! आजी म्हणे रात्र होती, आई म्हणे दिवेलागण. आजी म्हणे दोन दिवस उसात काढले, आई म्हणे चार. दोघींचे एका गोष्टीवर मात्र एकमत होते. गावातल्याच एका मराठा म्हातारीने आजीला आणि थोरल्या भावाला आपल्या गोठ्यात कडब्याआड दडवले आणि दारात आलेल्या पोरांना शिव्या देऊन परत पाठवले. ती म्हातारी पुढे वारली. तिच्या घरच्यांनी हे कधी कुणाला सांगितले नाही आणि आमच्या घरच्यांनीही तिचे नाव कधी चारचौघांत काढले नाही, कारण तिच्या लेकांना गावात राहायचे होते. आजी एवढेच म्हणायची, "नाव बाबासाहेबाचं व्हतं बाबा, घर मातर आमचं जळालं." तक्रार म्हणून नव्हे, पाऊसपाण्याची गोष्ट सांगावी तसे ती हे सांगायची.

आता शब्दाची गोष्ट. याला आजवर काय म्हटले गेले? 'नामांतराची दंगल'. आम्ही कायद्याचे विद्यार्थी, आम्हाला हा शब्द टोचतो. दंगल म्हटले की दोन बाजू आल्या, दोन्हीकडून दगड आले, थोडे यांचे चुकले थोडे त्यांचे चुकले असे आले. एक बाजू काडी लावत होती आणि दुसरी बाजू लेकरे काखोटीला मारून उसात पळत होती, याला दंगल म्हणत असतील तर मग शिकारीलाही दंगलच म्हणावे लागेल! अमेरिकेतही हेच झाले. युद्ध हरल्यावर दक्षिणेतल्या गोऱ्यांनी त्या युद्धाचे नाव बदलले, कारण बदलले. ते म्हणू लागले की आम्ही गुलामीसाठी लढलोच नाही, आम्ही आमच्या राज्यांच्या हक्कांसाठी, आमच्या अस्मितेसाठी लढलो. आणि ती छावण्यांची नावे काही युद्ध संपताच लागलेली नाहीत. पन्नास-पाऊणशे वर्षांनी, पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी लागली. दक्षिणेत जमिनी हव्या होत्या, गोऱ्या पुढाऱ्यांची मर्जी हवी होती, आणि काळ्या माणसाच्या मर्जीला किंमत नव्हती. पाटीवरची नावे इतिहासाने लावलेली नसतात. ज्याच्या हातात हातोडा आणि खिळे असतात तो ती लावतो.

मराठवाड्यातही 'अस्मिता' हाच शब्द पुढे आला. मराठवाडा हे नाव पुसले जाईल, हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा वारसा पुसला जाईल, असे सांगणाऱ्यांत गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे त्यागी पुढारी होते, 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक अनंत भालेराव होते. आम्ही त्यांना जाळपोळ करणाऱ्यांच्या रांगेत बसवत नाही. तो अन्याय होईल. त्यांनी निजामाशी झुंज दिली, तुरुंग भोगला. पण ज्यांनी निजामाच्या राजवटीत मान वर करून जगण्याचा हक्क मागितला त्यांना आमच्या मान वर करण्यात मराठवाड्याचा अपमान का दिसला, हा प्रश्न आम्ही त्यांच्या पश्चातही विचारणार. दुसरीकडे एस. एम. जोशी, बाबा आढाव यांच्यासारखी माणसे नामांतराच्या बाजूने उभी राहिली, मारही सोसला आणि शिव्याही. हेही नोंदवले पाहिजे.

मग सोळा वर्षे. १९७९ चा नागपूरच्या दीक्षाभूमीहून निघालेला लाँग मार्च, जोगेंद्र कवाडे सरांची अटक, तुरुंग भरणारी माणसे, मोर्चे, गोळीबार. आणि शेवटी २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडात गौतम वाघमारे या तरुणाने नामांतरासाठी आत्मदहन केले. किल्लारीचा भूकंप होऊन दोन महिनेही झाले नव्हते, लातूर जिल्हा ढिगाऱ्याखालून अजून वर येत होता. आम्ही तेव्हा शाळेत होतो. त्या दिवसांतली नांदेडची शांतता आठवते. पुढे गौतमचे नाव घेऊन भाषणे करणाऱ्यांनी त्या शांततेचा अर्थ पुरता समजून घेतला असे आम्हाला वाटत नाही. आमच्या पोरांनी जीव द्यावा असे बाबासाहेबांनी कधीच सांगितले नव्हते. जिवंत राहून लढायला सांगितले होते. त्या पोराला तिथवर नेऊन सोडणारी सोळा वर्षांची टोलवाटोलवी ज्यांनी केली, हिशेब त्यांनी द्यायचा आहे.

१४ जानेवारी १९९४ रोजी सरकारने निर्णय केला. झाले ते नामांतर नव्हे, 'नामविस्तार'. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. जुने नाव शाबूत, नवे नाव आधी. ज्यांना 'मराठवाडा' हवे त्यांनी मराठवाडा म्हणावे, आम्हाला बाबासाहेब हवेत तर आम्ही बाबासाहेब म्हणावे. रोलँड ब्रॅग शोधणाऱ्यांना मराठवाड्यातून शिकवणी मिळाली असावी असे वाटण्याइतके हे जुळते! तरीही आम्ही तो निर्णय डोक्यावर घेतला. दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर जी गर्दी लोटते ती पाहा. पांढऱ्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या त्या गेटच्या दगडाला हात लावून तो हात कपाळाला लावतात. त्यांना नामांतर आणि नामविस्तार यातला फरक कुणी समजावून सांगू नये. त्यांना तो कळतो, आणि त्यांनी तो क्षमा केला आहे.

पण खरी मेख पुढे आहे आणि ती नांदेड-लातूरच्या माणसालाच बोचते. त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. नांदेड, लातूर आणि तेव्हाचा परभणी जिल्हा, म्हणजे आजच्या परभणी-हिंगोलीसकट, औरंगाबादच्या विद्यापीठातून वेगळे झाले. म्हणजे जानेवारीत बाबासाहेबांचे नाव लागले आणि सप्टेंबरात आम्ही त्या नावाच्या बाहेर! पोचिराम ज्या जिल्ह्यात मारले गेले, गौतम ज्या शहरात जळाला, भुरेवार जिथे पडले, त्या जिल्ह्यांतल्या मुलाच्या पदवीवर बाबासाहेबांचे नाव येत नाही. आमच्याही कायद्याच्या पदवीवर ते नाही. आमची आई ती पदवी हातात घेऊन, अक्षरओळख बेताची असल्याने, बोटाने एकेक अक्षर चाचपत होती. तिने विचारले, "ह्याच्यात बाबासाहेब कुठं हाईत?" एका वकिलाला आयुष्यात जेवढे प्रश्न विचारले जातात त्यातला हा सर्वात अवघड. आम्ही तिला कार्यक्षेत्र समजावले, जिल्हे समजावले. तिने ऐकून घेतले आणि पदवी ट्रंकेत ठेवून दिली.

गैरसमज नको. नांदेडला विद्यापीठ हवेच होते. खेड्यातल्या मुलाला परीक्षेच्या कामासाठी औरंगाबादची एसटी धरावी लागत होती ते संपले, याचा सर्वात जास्त फायदा आमच्याच मुलांना झाला. स्वामीजींच्या नावालाही आमचा विरोध नाही. हिप्परग्याला आणि अंबाजोगाईला ज्यांनी मुले शिकवली, निजामाचा तुरुंग भोगला, त्यांचे नाव विद्यापीठाला शोभतेच. आणि त्या नावासाठी कुणाचे एकही खोपट जळले नाही! आमचे म्हणणे एवढेच.

शहरांच्या नावांचेही तेच. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव करण्याचा ठराव राज्याच्या मंत्रिमंडळाने जून २०२२ मध्ये केला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी आली. आठ महिने. मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यावरचे आक्षेपही फेटाळले. संभाजी महाराजांबद्दल आमच्या मनात आदरच आहे. पण ठरावापासून अंमलापर्यंत एका नावाला आठ महिने आणि दुसऱ्या नावाला साडेपंधरा वर्षे, ही तफावत कुठल्या कलमात बसते ते आम्हाला अजून सापडलेले नाही. आणि 'नावात काय आहे, पोट भरते का' असे विचारणारे तेव्हा कुठे गेले होते?

मुक्तिसंग्रामाचा विषय निघालाच आहे तर १९४८ चेही बोलू. तेही एका अर्थाने यादवी युद्धच होते. रझाकारांनी खेड्यांत जे केले ते आमच्या जिल्ह्याला कुणी सांगायला नको. अर्जापूरचे गोविंदराव पानसरे १९४६ साली मारले गेले, त्यांचे स्मारक आहे, त्यांच्या नावाची शाळा आहे. रास्त आहे. १७ सप्टेंबरला आम्हीही झेंड्याला सलाम करतो. पण सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर काय झाले ते त्या दिवशीच्या भाषणात कधी येत नाही. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती सरकारच्याच सांगण्यावरून हिंडली. तिने संस्थानातल्या मृतांचा अंदाज, कमीत कमी धरून, २७ ते ४० हजार असा दिला. सर्वाधिक होरपळलेले चार जिल्हे तिने नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. लातूर गावात वीस दिवसांहून अधिक कत्तल चालली, दहा हजारांच्या आसपास असलेल्या मुसलमानांपैकी समितीला गावात जेमतेम तीन हजार दिसले, असे तो अहवाल सांगतो. तो अहवाल सरकारने दाबून ठेवला. ए. जी. नुरानी यांनी आपल्या पुस्तकात तो छापल्यावर आमच्यासारख्यांच्या हाती आला. लातूरच्या गंजगोलाईत उभे राहून कुणाला विचारा, वीस दिवसांची ही गोष्ट ठाऊक आहे का? आम्ही विचारून पाहिले आहे. हमालाला ठाऊक होती, अडत्याला नव्हती. की होती आणि सांगायची नव्हती, कोण जाणे.

यात आमच्या वाट्याचे अवघड पानही आहे. बी. एस. व्यंकटराव, श्यामसुंदर यांच्यासारखे अस्पृश्यांचे काही पुढारी निजामाच्या बाजूने गेले होते. व्यंकटराव तर निजामाचे मंत्री झाले. बाबासाहेबांनी १९४७ च्या नोव्हेंबरातच बजावले होते की निजामाची साथ करून समाजाला बट्टा लावू नका. पण पुढाऱ्यांच्या चुकीचे माप खेड्यातल्या गरिबाच्या पदरात पडले. पोलीस कारवाईनंतर 'तुम्ही रझाकारांचे' हा शिक्का आमच्या वस्त्यांवर मारला गेला, आणि तीस वर्षांनी नामांतराच्या वेळी तोच शिक्का पुन्हा शाई लावून वापरला गेला. ज्या आठवणी लपवून ठेवल्या जातात त्या मरत नाहीत, त्या हत्यार होऊन बाहेर येतात. म्हणून आम्ही म्हणतो, सगळे बोला. पानसऱ्यांचे बोला, लातूरच्या वीस दिवसांचेही बोला, पोचिरामचेही बोला.

थोडे आपल्या लोकांनाही सुनावले पाहिजे. नावांच्या बाबतीत आपणही गोंधळलेले आहोत. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे हटवण्याचा निर्णय केला. महारवाडा, मांगवाडा जाऊन समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावे द्यावीत असे ठरले. चांगला निर्णय. परवा एका कार्यकर्त्याने आम्हाला कोड्यात टाकले. "साहेब, महारवाडा नको म्हणता, मग महार रेजिमेंट कशी चालते?" प्रश्न खरा आहे. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला ती पलटण उभी राहिली. बाबासाहेब त्या साली संरक्षण सल्लागार समितीवर होते आणि महारांची पलटण व्हावी यासाठी त्यांनी जोर लावला होता. टोपीवरच्या बिल्ल्यावर भीमा कोरेगावचा स्तंभ होता, तो पुढे काढला गेला. तोच शब्द, पण वाडा त्यांनी आम्हाला नेमून दिलेला होता आणि पलटण आम्ही मागून घेतली होती. नाव कोण ठेवतो आणि कशासाठी, यावर सगळे आहे. फोर्ट ब्रॅगमधल्या काळ्या शिपायालाही हेच सांगायचे होते.

आज आपली पोरे चौकाच्या पाटीसाठी, मिरवणुकीच्या मार्गासाठी जिवावर उदार होतात. नांदेडलगतच्या बोंढार हवेलीत गावात भीमजयंती साजरी केली म्हणून १ जून २०२३ रोजी एका तरुणाचा जीव घेतला गेला. त्याचे नाव आपल्या सर्वांना पाठ आहे. तेव्हा मिरवणुकीला हसण्याचे पाप आम्ही करणार नाही. पण ज्या उत्साहाने आपण डीजेची वर्गणी गोळा करतो त्याच्या दहाव्या हिश्श्याने १९७८ च्या साक्षी गोळा केल्या का? तेव्हा वीस वर्षांचा असलेला माणूस आज सत्तरीच्या घरात आहे. दर पावसाळ्यात त्यातले काही जातात.

आणि कागद? दोन वर्षांपूर्वी आम्ही माहितीच्या अधिकारात एका पोलीस ठाण्याकडे जुलै-ऑगस्ट १९७८ च्या फिर्यादींच्या नकला मागितल्या. उत्तर दोन ओळींचे आले. मुदत संपलेले अभिलेख नियमानुसार नष्ट केले आहेत. अपील केले, तिथेही तेच. कायद्याने त्यांचे बरोबर आहे, कागद ठेवण्याची मुदत असते. घर जळाले त्याचा कागदही गेला, आणि नियमाने गेला. ज्या गावांनी आजवर 'आमच्याकडे तसे काही झालेच नाही' एवढे म्हटले नव्हते, ती गावे उद्या तेही म्हणतील आणि आपल्याकडे दाखवायला काही नसेल. १९९५ नंतर तेव्हाच्या युती सरकारने मराठवाड्यातले अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचे हजाराहून अधिक खटले काढून घेतले. त्यातल्या फिर्यादींचे काय झाले, त्या माणसांनी पुढे कशी दिवसे काढली, याचीही यादी कुणी केलेली नाही. अमेरिकेतल्या काळ्या माणसांकडे निदान आयोगाचा अहवाल आहे. छावणीची पाटी बदलली तरी तो कुणाला खोडता येत नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. दुसऱ्याच्या लढ्याचा कागदसुद्धा जपून मागवून घेणारा आपला बाप, आणि आपण आपले कागद उंदरांना दिले!

म्हणून आम्ही काही मित्रांनी नांदेड-लातूर रस्त्यावरची गावे धरून काम सुरू केले आहे. सोनखेड, लोहा, अहमदपूर, जळकोटकडचा फाटा. रविवारी जायचे, म्हाताऱ्या माणसाशेजारी बसायचे, तो सांगेल ते त्याच्याच बोलीत लिहून घ्यायचे, वाचून दाखवायचे आणि मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र करायचे. कोर्टात हे टिकेल का असे एका सहकारी वकिलाने विचारले. कोर्टात न्यायचेच नाही. ज्यांनी दडवले, वाचवले, अशा सवर्ण घरांतल्या साक्षीही आम्ही मागतो आहोत. आमच्या आजीला वाचवणाऱ्या त्या म्हातारीच्या नातवाने होकार दिला, मग पंधरा दिवसांनी फोन करून नको म्हणाला. आम्ही त्याला दोष देत नाही. पुन्हा जाणार आहोत.

मागच्या महिन्यात एका बाईंचे प्रतिज्ञापत्र केले. ठरावाच्या वेळी त्या नव्या नवऱ्या म्हणून गावात आलेल्या होत्या, आता पंचाहत्तरीच्या. सगळे सांगून झाल्यावर टंकलेखकाने मजकुराच्या वरच्या रकान्यासाठी पत्ता विचारला. बाई म्हणाल्या, "महारवाडा." मुलगा चिडला, "माय, भीमनगर म्हण. ग्रामपंचायतीत ठराव झालाय." बाई म्हणाल्या, "जळाला तवा महारवाडाच व्हता की." टंकलेखकाने हात थांबवून आमच्याकडे पाहिले आणि विचारले, साहेब, रेशनकार्डावर काय आहे? कार्ड पाहिले. त्यावर नुसतेच गावाचे नाव होते. बराच वेळ वाद झाला, चहा झाला. शेवटी दोन्ही लिहिले: राहणार भीमनगर, १९७८ साली महारवाडा. बाईंनी अंगठा उठवला आणि तो लुगड्याच्या पदराला पुसला.